रिकॉम्बिनंट ॲपो-ई३ एलडीएल रिसेप्टरला जोडले जात नाही : प्रथिन खराब आहे की मांडणी चुकते आहे?

मेदजिज्ञासा यांचा प्रश्न

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत असून रक्तातील लायपोप्रोटीन (मेद आणि प्रथिन यांचे) कण पेशी कशा आत घेतात, हा माझ्या कामाचा विषय आहे. त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेने मानवी ॲपोलायपोप्रोटीन-ई, म्हणजे ॲपो-ई, याचे ई३ हे रूप विकत घेतले. ते ई. कोलाय जिवाणूत तयार केलेले असून कोरड्या पावडरीच्या स्वरूपात आले. सोबतच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे मी ते फॉस्फेट बफरमध्ये विरघळवले. एसडीएस जेलवर (रेणूच्या वजनानुसार प्रथिने वेगळी करणारी चाचणी) ३४ किलोडाल्टनच्या आसपास अपेक्षित ठळक पट्टा दिसतो आणि ६८ च्या जवळ आणखी एक फिकट पट्टा दिसतो. अँटिबॉडीही त्याला व्यवस्थित ओळखते.

प्रयोग असा आहे : हेप-जी-२ या यकृताच्या पेशींवर चमकणारा रंग लावलेले एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारे कण) घालायचे, त्याच वेळी ॲपो-ई३ वाढत्या प्रमाणात घालायचे आणि एलडीएलची जागा ॲपो-ई किती अडवते ते मोजायचे. ॲपो-ई हे एलडीएल रिसेप्टरला (पेशीच्या पृष्ठभागावरील, एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनाला) एलडीएलपेक्षाही घट्ट जोडले जाते असे सर्वत्र वाचले होते, त्यामुळे थोड्याशा मात्रेतच चमक उतरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रमाण कितीही वाढवले तरी चमक जेमतेम कमी होते. रंग न लावलेले एलडीएल जास्त प्रमाणात घातले तर मात्र ती नीट उतरते, म्हणजे रिसेप्टर तिथे आहे आणि काम करतो आहे.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे आहे की जिवाणूत बनलेल्या प्रथिनावर शर्करेची साखळी नसते, त्यामुळे ते निकामी असावे आणि आपण सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेले प्रथिन मागवावे. त्याची किंमत कितीतरी पट आहे. ही शंका योग्य आहे का? की कंपनीकडे तक्रार करून बदली कुपी मागावी?

जुना_बाक यांचे उत्तर

आपल्या वर्णनावरून प्रथिन खराब असल्याचे काहीही दिसत नाही. या प्रयोगात मेदच नाही, ही खरी अडचण आहे. एलडीएल रिसेप्टर मेदाशी बांधलेल्या ॲपो-ईला घट्ट पकडतो. नुसत्या, मेदरहित ॲपो-ईकडे तो जवळजवळ दुर्लक्ष करतो. ही गोष्ट नवी नाही. १९७९ मध्ये इनेरॅरिटी, पिटास आणि माहली यांनी, त्या काळी ‘आर्जिनीनयुक्त प्रथिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच प्रथिनाला फॉस्फोलिपिडशी (पेशीपटलात असतो तशा मेदाशी) पुन्हा जोडून दाखवले की ते मानवी फायब्रोब्लास्ट पेशींवरील एलडीएल रिसेप्टरला जोडले जाते. खेद इतकाच की कुपीसोबतच्या पत्रकात ही माहिती बहुतेक वेळा नसते आणि वर्षानुवर्षे नवे विद्यार्थी त्याच ठिकाणी अडकतात.

असे का होते ते प्रथिनाच्या रचनेतून कळते. परिपक्व ॲपो-ईत २९९ अमिनो आम्ले असतात. पहिल्या सुमारे १९१ आम्लांचा एक भाग आणि शेवटचा एक भाग अशी त्याची दोन स्वतंत्र खंडांत विभागणी होते. मधला सांधा सैल असून थ्रॉम्बिन हे प्रथिने कापणारे विकर तिथेच कापते. पहिल्या खंडात चार लांब हेलिक्स (मळसूत्री वळणे) एकमेकींना टेकून उभ्या असतात आणि त्यांच्या पाणी टाळणाऱ्या बाजू आत दडलेल्या असतात. रिसेप्टरशी संबंध येतो तो चौथ्या हेलिक्समधील १३६ ते १५० या, आर्जिनीन आणि लायसीन यांनी भरलेल्या पट्टीचा. मेद मिळाल्यावर ही मोळी उघडते, हेलिक्स फॉस्फोलिपिडच्या कडेला पसरतात, त्या पट्टीचा आकार बदलतो आणि तिचे धनभार रिसेप्टरच्या ऋणभारित भागांना सामोरे येतात. दुसऱ्या खंडाचे मुख्य काम मेदाला धरणे हे आहे. मेद नसेल तर याच खंडाच्या आधाराने ॲपो-ईचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि द्रावणात बहुतांशी चारचारांचे गट करून राहतात. आपल्या बफरमध्ये बहुधा हेच गट असावेत. एसडीएस जेलवर ते दिसणार नाहीत, कारण एसडीएस सर्व गट मोडून टाकते. म्हणूनच सुंदर पट्टा दिसूनही प्रयोग फसतो.

आणखी एक मुद्दा. एलडीएलच्या कणावर ॲपो-बी१०० या प्रथिनाचा एकच रेणू असतो, तर ॲपो-ई असलेल्या कणावर ॲपो-ईचे अनेक रेणू असू शकतात आणि तो कण एकाच वेळी अनेक ठिकाणी पकड घेऊ शकतो. आपण वाचलेला ‘एलडीएलपेक्षा घट्ट’ हा गुण मुळात त्या कणाचा आहे. सुट्या रेणूकडून त्याची अपेक्षा ठेवता येणार नाही.

शर्करेच्या साखळीविषयी : रक्तातील ॲपो-ईच्या काही रेणूंवर १९४ व्या थ्रिओनीनवर साखळी असते हे खरे, पण ती जागा रिसेप्टरशी जोडणाऱ्या पट्टीपासून दूर, त्या सैल सांध्याजवळ आहे आणि जोडणीसाठी तिची गरज नसते. रिसेप्टरवरील बरेचसे मूलभूत काम जिवाणूत बनवलेल्या ॲपो-ईवरच झालेले आहे. महागडी कुपी मागवलीत तरी ती मेदरहित असेल तर निकाल हाच येईल.

उपाय फारसा अवघड नाही. प्रथम प्रथिन ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये, थोडे डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारे रसायन) घालून उलगडून घ्यावे, म्हणजे जुने गट सुटतील; मग डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून) ग्वानिडीन काढून टाकावे. डीएमपीसी या फॉस्फोलिपिडचा पातळ थर काचेच्या नळीत वाळवून तो बफरमध्ये घोळवावा आणि सोनिकेशन (ध्वनिलहरींचा मारा) करून त्याच्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म फुगे, तयार कराव्यात. वजनाने १ भाग प्रथिनाला ३.७५ भाग डीएमपीसी हे प्रमाण अनेक ठिकाणी वापरले जाते. डीएमपीसीचे अवस्थांतर सुमारे २४ अंश सेल्सिअसला होते आणि त्या तापमानाला पुटिकांच्या थरात इतक्या फटी पडतात की प्रथिन आपोआप आत शिरते. त्यामुळे मिश्रण २४ अंशांच्या थोडे वर आणि थोडे खाली असे काही वेळा न्यावे. गढूळ मिश्रण डोळ्यांदेखत निवळू लागते. ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात गढूळपणा मोजला तर त्याचा आलेखही मिळतो. निवळले नाही, तर मात्र प्रथिनाविषयी शंका घ्यायला जागा आहे. प्रथिनाची ही पहिली परीक्षा मी रिसेप्टरच्या प्रयोगाआधीच घेईन. शेवटी जेल फिल्टरेशनने (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या स्तंभाने) चकतीच्या आकाराचे कण वेगळे करावेत आणि न बांधलेले प्रथिन व उरलेल्या पुटिका बाजूला काढाव्यात.

पेशीपालक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पेशींच्या बाजूनेही काही गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय चकत्या वापरूनसुद्धा आकडे गोंधळाचेच येतील.

हेप-जी-२ या यकृताच्या पेशी असल्याने त्या स्वतःच ॲपो-ई आणि ॲपो-बी तयार करून माध्यमात सोडतात. म्हणजे आपण बाहेरून घालत असलेल्या प्रथिनाला घरचाच स्पर्धक आहे. रिसेप्टरची जोडणी मोजणे एवढाच हेतू असेल तर मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशी अधिक सोयीच्या आहेत. शक्य असल्यास त्यांच्या जोडीला एलडीएल रिसेप्टर नसलेल्या एलडीएल-ए७ या हॅम्स्टरच्या पेशी ठेवाव्यात. तिथेही चमक बदलत असेल तर तो बदल रिसेप्टरमुळे नाही हे लगेच समजते.

पेशी नेहमीच्या सीरममध्ये वाढवल्या असतील तर त्यांना भरपूर कोलेस्टेरॉल मिळालेले असते आणि त्या रिसेप्टर कमी बनवतात. प्रयोगाआधी एक-दोन दिवस त्यांना लायपोप्रोटीन काढलेल्या सीरममध्ये ठेवावे. जोडणी मोजायची असेल तर प्रयोग ४ अंशांवर करावा; ३७ अंशांवर पेशी कण आत ओढून घेतात आणि मग जोडणी, आत घेणे आणि विघटन या तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. ही जोडणी कॅल्शियमवर अवलंबून असते, म्हणून ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) घातलेला एक कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, अवश्य ठेवावा.

आता ॲपो-ईचा सर्वात त्रासदायक स्वभाव. हे प्रथिन हेपॅरिनला आणि पेशींच्या पृष्ठभागावरील हेपॅरान सल्फेट या शर्करासाखळीला चिकटते आणि त्यासाठी त्याला मेदाची फारशी गरज नसते. १४२ ते १४७ हा, रिसेप्टरच्या पट्टीतलाच भाग इथेही काम करतो. म्हणून कोणी मेदरहित ॲपो-ईला रंग लावून ‘पेशींवर छान जोडणी दिसली’ असे सांगितले तर मी आधी हेपॅरिनेज (हेपॅरान सल्फेट तोडणारे विकर) दिलेल्या पेशींचा आकडा मागतो. आपण स्पर्धेचा प्रयोग करत आहात, त्यामुळे हा धोका थोडा कमी आहे, पण नाहीसा झालेला नाही.

डीएमपीसीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्यातील दोन्ही मेदाम्ले १४ कार्बनांची आणि संपृक्त असतात. शरीरातील लायपोप्रोटीनवर अशी फॉस्फोलिपिडे जवळजवळ नसतात. पीओपीसी हे फॉस्फोलिपिड आणि थोडे कोलेस्टेरॉल घेऊन सोडियम कोलेट या डिटर्जंटच्या डायलिसिसने कण बनवावेत, ते अधिक विश्वासार्ह ठरतील. वेळ जास्त लागतो, पण नंतर परीक्षकांचे प्रश्न कमी येतात.

जुना_बाक यांचे प्रत्युत्तर

पीओपीसी शरीराच्या अधिक जवळ आहे याविषयी वाद नाही. मेंदूच्या पेशींवरचे काम असते, किंवा कणातून पेशीत आणि पेशीतून कणात कोलेस्टेरॉल किती जाते हे मोजायचे असते, तर मीही तोच आग्रह धरला असता. इथला प्रश्न मात्र ‘हे प्रथिन एलडीएल रिसेप्टरला जोडले जाते का’ एवढाच आहे आणि त्याचे उत्तर डीएमपीसीच्या चकत्या चार दशकांहून अधिक काळ निःसंदिग्धपणे देत आल्या आहेत. शिवाय कोलेटचा अंश मागे राहिला तर तो पेशींच्या पटलाला इजा करतो, हा धोका नव्या हाताला अधिक. आधी डीएमपीसीने प्रथिन चांगले असल्याची खात्री करावी आणि पुढच्या प्रकरणासाठी पीओपीसीकडे वळावे.

एक सावधगिरी दोन्ही पद्धतींना लागू आहे. एलडीएलवरचा चमकणारा रंग मेदात विरघळणारा असेल तर तो एका कणातून दुसऱ्या कणात सरकू शकतो. म्हणून प्रथिनाशिवायच्या, फक्त फॉस्फोलिपिडच्या पुटिका तेवढ्याच प्रमाणात घातलेला कंट्रोल ठेवावा. चमक त्यानेही उतरली तर ती स्पर्धा नव्हे.

मेदजिज्ञासा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डीटीटी घालून जेल पुन्हा चालवले असता ६८ चा पट्टा नाहीसा झाला. म्हणजे हे दोन रेणूंचे जोड असावेत असे समजते. मग प्रयोगभर डीटीटी ठेवावे का? आणि ऋण कंट्रोल (जिथे परिणाम दिसू नये अशी तुलना) म्हणून ॲपो-ई२ हे दुसरे रूप घेणे योग्य ठरेल का?

जुना_बाक यांचे उत्तर

होय, ते जोडच आहेत. ई३ मध्ये ११२ व्या जागी एक सिस्टीन (गंधक असलेले अमिनो आम्ल) असते आणि दोन रेणूंची सिस्टीने डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधाने जोडली गेली की ६८ चा पट्टा दिसतो. ई२ मध्ये ११२ आणि १५८ अशा दोन्ही जागी सिस्टीन असते, ई४ मध्ये दोन्हीकडे आर्जिनीन असते, त्यामुळे ई४ चे असे जोड होऊच शकत नाहीत. रक्तातही ई३ अशाच बंधाने ॲपो-ए२ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडलेले सापडते आणि त्या जोडाची रिसेप्टरवरील पकड कमी असते, तेव्हा हे जोड सोडवून घेणे हिताचे आहे.

पण डीटीटी पेशींपर्यंत जाऊ देऊ नये. एलडीएल रिसेप्टरच्या पकडणाऱ्या भागात सात पुनरावृत्त तुकडे असतात आणि त्यातील प्रत्येक तुकडा तीन डायसल्फाइड बंधांनी आकारात धरलेला असतो. डीटीटीने ते बंध तुटले की रिसेप्टरच मोडतो आणि मग चमक उतरते, तीही अगदी देखण्या आलेखासह. निकाल मात्र पूर्णपणे खोटा असतो. डीटीटी प्रथिन उलगडतानाच वापरावे. पुढे चकत्या जेल फिल्टरेशनमधून काढल्या की ते आपोआप मागे पडते.

ई२ हा चांगला कंट्रोल आहे. त्याची रिसेप्टरवरील पकड ई३ च्या तुलनेत दोन टक्क्यांहूनही कमी असल्याचे आढळलेले आहे. ई४ ची पकड ई३ सारखीच असते. कित्येकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण ई४ चे नाव अल्झायमरच्या संदर्भात इतके गाजलेले आहे. ई२ विषयीचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९८२ मध्ये वाइसग्राबर आणि सहकाऱ्यांनी ई२ वर सिस्टिॲमिनची (cysteamine) प्रक्रिया केली. त्यामुळे सिस्टीनच्या जागी लायसीनसारखा धनभारित गट तयार होतो आणि ई२ ची हरवलेली पकड बरीचशी परत येते. १५८ व्या जागेचा धनभार किती मोलाचा आहे, हे त्यांनी जनुकाला हात न लावता दाखवून दिले.

दवाखाना_कट्टा यांची शंका

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, प्रयोगशाळेतला नाही. चर्चा वाचून राहवले नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती ई२ च्या असलेल्या काही थोड्या लोकांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात आणि तळहाताच्या रेषांमध्ये पिवळसर चरबी साठते, हे आम्ही टाइप-३ म्हणून शिकलो. मग रिकॉम्बिनंट ई३ रुग्णाला शिरेतून देण्याचा विचार का झाला नाही? इन्सुलिन तर आपण असेच बनवून देतो.

जुना_बाक यांचे उत्तर

विचार झाला होता. १९८९ मध्ये सशांना शिरेतून ॲपो-ई दिले असता रक्तातील कोलेस्टेरॉल लवकर उतरते असे दिसले. कारण सरळ आहे. कायलोमायक्रॉनवरील (आहारातील चरबी वाहणाऱ्या कणांवरील) ॲपो-बी४८ मध्ये एलडीएल रिसेप्टरला पकडणारा भागच नसतो, त्यामुळे त्यांचे अवशेष यकृतात जाण्यासाठी ॲपो-ईवर विसंबून असतात. १९९२ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी ॲपो-ई नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा साध्या खाद्यावरही त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले.

तरीही इन्सुलिनशी तुलना पुढे जात नाही. इन्सुलिन हा संदेश आहे आणि त्याची मात्रा अत्यल्प पुरते. ॲपो-ई हे कणाच्या बांधणीचे सामान आहे आणि रक्तात प्रत्येक डेसिलिटरमागे काही मिलिग्रॅम इतके असते. ते सतत झिजते आणि सतत भरावे लागते. रक्तातील बहुतेक ॲपो-ई यकृतातून येते : यकृत प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या रक्तातील ॲपो-ईचा प्रकार दात्याप्रमाणे बदलतो, पण मेंदूभोवतीच्या द्रवातील बदलत नाही, हे १९९१ मध्ये दाखवले गेले. इतका पुरवठा सुईने करणे व्यवहार्य नाही. शिवाय ॲपो-ई प्रमाणाबाहेर वाढले तर यकृतातून व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणारे कण) अधिक बाहेर पडते आणि ट्रायग्लिसराइडचे विघटन मंदावते, म्हणजे एक आकडा उतरवताना दुसरा चढतो. टाइप-३ चे बहुतेक रुग्ण आहार, वजन, स्टॅटिन आणि फायब्रेट यांनी चांगला प्रतिसाद देतात, त्यामुळे तशी निकडही नव्हती.

या कुळातले एक रिकॉम्बिनंट प्रथिन मात्र रुग्णांपर्यंत पोहोचले होते. इटलीतील लिमोने सुल गार्दा या गावातील एका कुटुंबात सापडलेले ॲपो-ए१ मिलानो, ज्यात १७३ व्या आर्जिनीनच्या जागी सिस्टीन असते, ते फॉस्फोलिपिडशी बांधून रुग्णांना देण्यात आले. २००३ मध्ये, ४७ रुग्णांनी पूर्ण केलेल्या एका लहान चाचणीत, पाच साप्ताहिक मात्रांनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीतील थर किंचित कमी झालेला दिसला आणि त्यावर मोठ्या आशा बांधल्या गेल्या. स्टॅटिनचे उपचार चालू असलेल्या रुग्णांवर पुढे झालेल्या मिलानो-पायलट चाचणीत तो फायदा टिकला नाही. इथेही प्रथिन मेदाशी बांधूनच द्यावे लागले, हे लक्षात घ्यावे.

आणि हे सांगणे आवश्यक आहे : मूळ प्रश्नातील कुपी केवळ संशोधनासाठी असते. जिवाणूचे एंडोटॉक्सिन (त्याच्या आवरणातील विषारी द्रव्य) त्यात असू शकते, आणि ॲपो-ई स्वतःच एंडोटॉक्सिनला धरून ठेवणारे प्रथिन असल्याने ते काढणे सोपे नसते. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर प्रयोग करणाऱ्यांनी तर दाहाचे सगळे निकाल या दृष्टीने पुन्हा तपासावेत.

मेदजिज्ञासा

शेवटचा प्रश्न. ई२, ई३ आणि ई४ तिन्ही विकत घेणे आम्हाला परवडणार नाही. आमच्याकडे जिवाणू वाढवण्याची आणि प्रथिन शुद्ध करण्याची सोय आहे. स्वतः बनवताना काय सांभाळावे?

जुना_बाक यांचे उत्तर

थायोरिडॉक्सिन या लहान प्रथिनाला जोडून ॲपो-ई बनवण्याची पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे आणि ती विद्यार्थ्यांच्या हातूनही चांगली चालते. जोडप्रथिन हिस्टिडीनच्या शेपटीवर पकडून शुद्ध करायचे आणि नंतर थ्रॉम्बिनने थायोरिडॉक्सिन कापून टाकायचे, असा तिचा क्रम आहे. मोठी खोच एकच : थ्रॉम्बिन ॲपो-ईच्या त्या सैल सांध्यावरही कापते आणि मग हाती २२ आणि १० किलोडाल्टनचे तुकडे येतात. म्हणून कापण्याच्या आधीच जोडप्रथिन डीएमपीसीशी बांधून घेतात. मेदावर बसलेल्या प्रथिनाचा सांधा थ्रॉम्बिनपासून बराच सुरक्षित राहतो आणि काप हव्या त्या ठिकाणीच पडतो. काम झाल्यावर मेद काढून, हेपॅरिनच्या किंवा जेल फिल्टरेशनच्या स्तंभातून प्रथिन पुन्हा शुद्ध करावे.

तिन्ही रूपे हाताळताना कुप्यांची अदलाबदल होणे फार सोपे आहे आणि साध्या जेलवर ती भरवशाने ओळखता येत नाहीत. प्रत्येक तयारीचे वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर एकदा मोजून घ्यावे. एका सिस्टीनच्या जागी आर्जिनीन आले की वस्तुमान सुमारे ५३ डाल्टनने वाढते, म्हणजे ई२ पेक्षा ई३ तेवढे जड आणि ई३ पेक्षा ई४ तेवढे जड दिसले पाहिजे. हा फरक दाखवणारा आलेख प्रबंधात जोडावा. परीक्षक तो मागतातच.

पेशीपालक

आणि तयार प्रथिन लहान लहान वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावे. एकच नळी वारंवार वितळवून पुन्हा गोठवली की तेच गट परत तयार होतात आणि ग्वानिडीनपासून सगळे पुन्हा करावे लागते. तयार चकत्या मात्र गोठवू नयेत. त्या ४ अंशांवर ठेवून लवकर वापराव्यात.